केंदूरची काळी ज्वारी

१

दौंडच्या सरकारी गोदामात तपासनीसांनी पहिलं पोतं फोडलं. दुसरं फोडलं. तिसरं फोडल्यावर त्यांनी ओंजळभर दाणे घेतले आणि हौसरावांच्या पुढ्यात धरले.

"ही तुमची ज्वारी?"

दाणे काळपट होते. काहींवर बुरशीची राखाडी लव चढली होती आणि कुबट वास येत होता.

हौसराव केंदूरच्या सोसायटीचे चेअरमन. साठीचा माणूस, गावात शब्दाला वजन असलेला. पावती घ्यायला म्हणून ते सकाळच्या एसटीनं दौंडला आले होते. त्यांना वाटलं आपण चुकीच्या थप्पीपाशी उभे आहोत.

"न्हाई साहेब. आमची शुभ्र हाय. शिरूरला तपासून, पास करून घेतलीया."

"अहो, कागद तुमचाच आहे. शंभर पोती, केंदूर." तपासनीसांनी शिरूर केंद्राच्या कारकुनाकडे पाहिलं. "अब्राहाम, सील?"

अब्राहाम चोवीस-पंचवीसचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला पोरगा. त्यानं पोत्याच्या तोंडावरचं शिशाचं सील पालथं करून पाहिलं. "शाबूत आहे साहेब. शिरूरचंच आहे."

सगळी शंभर पोती तशीच निघाली.

एकोणीसशे पासष्ट साल होतं. त्या वर्षी ज्वारी फक्त सरकारनंच घ्यायची, सरकारनं ठरवलेल्या भावानं, असा कायदा आला होता. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या दारात जायची सोय राहिली नव्हती. जिल्ह्याबाहेर दाणा न्यायला बंदी होती. मुंबईत लोक रेशनच्या रांगेत परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, घेत होते आणि चोरून मिळणाऱ्या पांढऱ्या ज्वारीला दुप्पट-तिप्पट मोजत होते. अशा वर्षी सरकारच्या गळ्यात भिजकी ज्वारी बांधणं म्हणजे गुन्हा.

तपासनीसांनी कागदावर लिहिलं : अवकाळी पावसात भिजलेला माल चांगला म्हणून दिला. मग मान वर करून म्हणाले, "शुक्रवारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर सोसायटीचा परवाना जाईल आणि तुमच्यावर फिर्याद होईल."

तो बुधवार होता.

२

शिरूरला मिशनच्या आवारात पर्जन्यमापक होतं. तांब्याचं एक नळकांडं, वर नरसाळं. मिशनच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दयाबाई उजगरे रोज सकाळी साडेआठला त्याच्याजवळ जात. फाल्गुनातल्या रखरखीत उन्हातसुद्धा जात आणि वहीत शून्य लिहीत. कुणी हसलं तर म्हणत, "पाऊस पडला नाही हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं."

गुरुवारी सकाळी त्या वही मिटत होत्या तेवढ्यात फाटकातून हौसराव आणि त्यांची बायको सोजराबाई आत आले. हौसराव रात्रभर झोपले नव्हते हे दिसतच होतं.

"बाई, आमाला पावसाचा दाखला पायजे," ते म्हणाले आणि दौंडला घडलेलं सगळं सांगितलं.

दयाबाईंनी वही पुन्हा उघडली. तालुक्यात चार गावांच्या शाळांत त्यांचे जुने विद्यार्थी मास्तर होते. ते आपापल्या गावचा पाऊस मोजून महिन्याला कार्डावर कळवत. माघात एका शनिवारी अवकाळी पाऊस आला होता. बाईंनी बोट ठेवलं. "शिरूरला नुसता शिडकावा. न्हावऱ्याला दोन इंच. केंदूरला शून्य."

"न्हावऱ्याची कणसं कापून रानात पडली व्हती. सगळी काळी पडली," हौसराव म्हणाले. "आमच्या वरनं ढगबी गेला न्हाई."

"दाखला देते. पण नुसत्या दाखल्यानं काय होईल? ते म्हणतील, पाऊस पडला नसेल, पण पोत्यात काळी ज्वारी आहे ना. नमुना आणलाय?"

हौसरावांनी उपरण्याची गाठ सोडली. दयाबाईंनी दाणे पांढऱ्या कागदावर पसरले. दाण्यांत हरभऱ्याएवढं एक ढेकूळ होतं. त्यांनी त्यावर दोन थेंब पाणी टाकून अंगठ्यानं चोळलं. अंगठ्याला काळाकुट्ट, चिकट लेप बसला.

सोजराबाई पुढं वाकल्या. "ही आमची माती न्हाई. आमचं रान मुरमाचं. अशी माती पायजे म्हणलं तर गाडीनं आणावी लागंल."

"पोती कुणी शिवली होती?"

"मी आन् माझ्या जावांनी. शंभरच्या शंभर. कोपऱ्याला मूठभर कान सोडून शिवलं, हमालाला धरायला बरं पडतं म्हणून."

दयाबाई उठल्या. शाळेचा पहिला तास त्यांनी दुसऱ्या बाईंकडे सोपवला. "हौसराव, ही ज्वारी केंदूरची नाहीच. मग मला सांगा, तुमची शंभर पोती गेली कुठं? शंभर पोती कुणी खिशात घालून नेत नाही."

हौसरावांना काल दुपारपासून हा प्रश्न सुचला नव्हता. ते ताडकन उभे राहिले.

"चला गोदामात," बाई म्हणाल्या. "अब्राहाम असेल तिथं. माझाच विद्यार्थी आहे, त्या नोकरीला चिठ्ठीही मीच दिली होती. तो नीट सांगेल."

३

अब्राहाम गोदामात नव्हता. गोदामकीपर बबनराव दाराशी खुर्ची टाकून बसले होते. बाईंना पाहून ते उठले खरे, पण हौसरावांना पाहून त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"माझ्याकडं काय इचारता? सील शाबूत व्हतं. माल आला, ठेवला, गेला."

"कुठं ठेवला होता, तेवढं दाखवा."

गोदाम लांबलचक होतं. भिंतीवर ओळीनं काळे चौकोन रंगवलेले होते आणि प्रत्येक चौकोनात खडूनं गावाचं नाव. पोत्यांवर नाव नसे; ज्याच्याखाली थप्पी, त्या गावाची ती. थप्पी शंभराची, हा नियम. दयाबाई नावं वाचत चालल्या. शिरुर. टाकळि. पुन्हा शिरुर.

"ही नावं कुणी लिहिलीत?"

"मीच लिवतो सगळी."

"शिरूरमधला रू दीर्घ असतो, बबनराव. टाकळीतला ळी पण."

"आता या वयात काय दीर्घ न् काय ऱ्हस्व, बाई."

दाराजवळच्या एका चौकोनात केंदूर लिहिलं होतं. खालची जागा रिकामी. बाई त्या नावापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. इतका वेळ, की सोजराबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"पर आमची थप्पी हितं नव्हतीच," हौसराव म्हणाले. "आमच्याच माणसांनी लावली. आत, मागच्या भिंतीला, खिडकीखाली."

बबनराव गोंधळले. "खिडकीखाली न्हावऱ्याची व्हती. नापास झालेली."

सगळे मागं गेले. खिडकीवरच्या चौकोनात न्हावरे लिहिलेलं होतं. खालची जागा याही ठिकाणी रिकामी.

"ही कधी उचलली?"

"आज सकाळी. बापूसाहेबांनी. नापास मालाचा ठेका त्येंचाच न्हवं, जनावराच्या खाद्याला. नऊला दोन ट्रक गेले दौंडला, मालधक्क्यावर. कारकून परवाना घिऊन संगट गेल्यात."

दयाबाई खाली बसल्या. फरशीच्या सांध्यांत पोत्यातून गळलेले दाणे पडले होते. त्यांनी ते नखानं उकरून तळहातावर घेतले आणि खिडकीच्या उजेडात धरले.

काळ्या ज्वारीच्या थप्पीखाली पडलेले ते दाणे मोत्यासारखे पांढरे होते.

४

सोजराबाईंनी त्यातला एक दाणा दाताखाली फोडला. "आमची हाय," त्या एवढंच म्हणाल्या.

हमालांचा मुकादम भीमाजी बाहेर झाडाखाली तंबाखू मळत होता. दयाबाईंनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, मंगळवारी दौंडला पाठवलेली पोती त्यानं कुठून उचलली.

"दाराजवळनं. कारकून सायबांनी फळा वाचला, म्हनले हीच केंदूरची. मला कुठं वाचता येतंय."

"आणि पोती कशी होती?"

"गच्च, बाई. तटतटून भरलेली, कान म्हनून धरायला न्हाई. वजन तेवढंच पर माल फुगलेला. हलका दाना असला की आसं व्हतं. माझी बोटं सोलली बगा. आन् आज सकाळी उचलली ती बेस व्हती. कोपऱ्याला झकास कान."

सोजराबाईंनी हौसरावांकडं पाहिलं. शिरूरचं सील पास-नापास दोन्ही मालाला तेच, ते कुणी फोडलं नव्हतं. कुणी एक पोतं हलवलं नव्हतं. भिंतीवरची दोन नावं तेवढी पुसून उलटसुलट लिहिली होती. न्हावऱ्याची काळी ज्वारी केंदूरच्या नावानं सरकारकडे गेली आणि केंदूरची पांढरी ज्वारी जनावरांचं खाद्य बनून मोकळी झाली. नापास मालाला जिल्हाबंदी नव्हती. तो परवान्यावर राजरोस मुंबईला जाणार होता.

"माल जायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, गोदामाची किल्ली कुणाकडे होती?" दयाबाईंनी बबनरावांना विचारलं.

बबनराव घामेजले. "मी मीटिंगला पुण्याला गेलो व्हतो. किल्ली आफिसात ठिवली. तिथं कारकून असत्यात. शिपाई हौशीराम. आन् बापूसाहेब रोजच येऊन बसत्यात."

बबनरावांनाही बरोबर घेऊन मामलेदार कचेरीत पोचायला त्यांना दहा मिनिटं लागली. बापूसाहेब तिथं आधीच हजर होते. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, तालुक्याच्या राजकारणात मुरलेला माणूस. मामलेदारांसमोर बसून ते एका कारकुनाला अर्ज सांगत होते.

"या बाई," ते अदबीनं म्हणाले. "मी म्हणलं होतं साहेबांना, माझा अर्ज तुमच्या शाळेतनंच लिहून आणावा. आम्ही जुनी माणसं. मोडीशिवाय हाताला वळण न्हाई." मग हौसरावांकडे वळून म्हणाले, "वाईट झालं हौसराव. पण चूक कबूल करून टाका. मी रदबदली करीन."

दयाबाईंनी मामलेदारांच्या टेबलावर दोन कागद उघडले. एका कागदात काळे दाणे आणि काळी माती. दुसऱ्यात पांढरे दाणे. पाऊस, पोत्यांचे कान आणि भिंतीवरची नावं, सगळं त्यांनी वर्गात सांगावं तसं एकामागून एक सांगितलं.

बापूसाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "गोदामात चार पांढरे दाणे कुठंबी सापडतील, साहेब."

"खरं आहे," दयाबाई म्हणाल्या. "म्हणून तुमचीच पोती उघडून बघू. आत काळी ज्वारी निघाली तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

बापूसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून गेले होते. त्यांची ती एक नजर मामलेदारांनी टिपली.

"दौंडहून मालगाडी किती वाजता सुटते?" त्यांनी विचारलं.

बापूसाहेबांनी फेटा सारखा केला. उत्तर दारातल्या शिपायानं दिलं. "दीडला, साहेब."

मामलेदारांनी टोपी उचलली. "जीप काढ. बापूसाहेब, तुम्हीही चला."

५

तो रस्ता हौसराव पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगत असत. जीपमध्ये सातजण. ड्रायव्हर आणि मामलेदार पुढं, मागं दयाबाई, सोजराबाई, हौसराव, बबनराव आणि त्यांच्यात अवघडून बसलेले बापूसाहेब. धुळीनं सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. न्हावऱ्याच्या शिवारात काळ्या पडलेल्या कणसांचे ढीग अजून बांधावर होते. एका ओढ्यात जीप रुतली तेव्हा मामलेदारांसकट सगळे उतरून ढकलायला लागले. बापूसाहेब तेवढे बसून राहिले.

"उतरा की बापूसाहेब," सोजराबाई म्हणाल्या. "तुमचंच ओझं हाय."

दौंडच्या मालधक्क्यावर जीप शिरली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मालगाडीच्या एका डब्यात, वाघिणीत, पोती भरून झाली होती. एक हमाल दार ओढत होता. पलीकडे इंजिन वाफ सोडत होतं.

"थांबवा ती वाघीण," मामलेदार ओरडले. रेल्वेचे मालबाबू धावत आले. दार पुन्हा सरकलं.

वाघिणीच्या दाराशी अब्राहाम उभा होता. हातात परवान्याची फाइल. दयाबाईंना पाहून तो दचकला आणि मग सवयीनं म्हणाला, "नमस्कार बाई."

बाईंनी मान हलवली.

मामलेदारांनी परवाना वाचला. "न्हावऱ्याची नापास ज्वारी. माणसाला खायला अयोग्य. बरोबर?"

"हो साहेब," अब्राहाम म्हणाला.

मालबाबूंनी टोकदार लोखंडी नळी आणली आणि समोरच्या पोत्यात खुपसली. पोत्याच्या कोपऱ्याला मूठभर कान होते. नळीतून दाणे ओघळले आणि मामलेदारांच्या ओंजळीत पडले. टपोरे, कोरडे, पांढरेशुभ्र. धक्क्यावरचे हमाल कामं टाकून जवळ आले.

हौसरावांनी पोत्यावर नुसता हात ठेवला.

"ही दुसरीकडून घेतली असंल माझ्या माणसानं," बापूसाहेब म्हणाले. "त्यात घोटाळा झाला असंल."

"मग ती परवान्यावरची नाही," मामलेदार म्हणाले. "न्हावऱ्याची नसेल तर चोरून चाललेली, आणि केंदूरची असेल तर चोरलेली. कोणतंही घ्या. माल उतरवा." मग ते दयाबाईंकडे वळले. "पण नावं कुणी बदलली, हे कसं ठरवायचं? किल्ली ऑफिसात होती. तिघेजण होते."

दयाबाईंना हे गोदामातच कळलं होतं आणि सबंध रस्ताभर त्या ते छातीशी धरून बसल्या होत्या.

"हौशीराम शिपायाला लिहिता येत नाही," त्या हळू म्हणाल्या. "बापूसाहेबांना मोडीच येते, भिंतीवरचं अक्षर बाळबोध आहे. बबनराव तालुक्यातल्या प्रत्येक गावाचं नाव चुकवतात. शिरूर चुकवतात, टाकळी चुकवतात. त्यांनी लिहिलं असतं तर केंदुर लिहिलं असतं, ऱ्हस्व. भिंतीवर केंदूर आहे, दीर्घ. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ. हा नियम मी तिसरीला शिकवते."

अब्राहामच्या हातातली फाइल खाली आली.

"तुला खोटं लिहिता आलं, अब्राहाम," बाई म्हणाल्या. "अशुद्ध लिहिता आलं नाही."

वाफेच्या आवाजात तो काय म्हणाला ते आधी कुणाला ऐकू आलं नाही. मग तो मोठ्यानं म्हणाला, "मीच लिहिलं साहेब. सोमवारी दुपारी."

"का?" मामलेदारांनी विचारलं.

"माझी नोकरी हंगामी आहे. खरेदी संपली की जाणार. बापूसाहेबांनी कायमची जागा देतो म्हणून सांगितलं. म्हणाले, ज्वारी कुठं फुकट जातेय, मुंबईची माणसंच खाणार. तू फक्त दोन नावं लिही." तो हौसरावांकडे बघायचं टाळत होता. "त्यांच्यावर फिर्याद होईल हे मला माहीत नव्हतं. काल कळलं, तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही."

बापूसाहेब काहीतरी म्हणायला गेले. त्यांना मामलेदारांनी हातानंच थांबवलं.

इंजिननं शिटी दिली. ती वाघीण सोडून बाकीची गाडी मुंबईकडे निघून गेली.

६

शुक्रवारी हौसरावांना खुलासा द्यावा लागला नाही. केंदूरची शंभर पोती सरकारी गोदामात रीतसर जमा झाली आणि पावती सोसायटीच्या नावानं निघाली.

"मुंबईत हिला दुप्पट भाव आला आसता," बबनराव म्हणाले.

"आला आसता की," हौसराव म्हणाले. "सरकारचा भाव कमी हाय, ते मी सरकारशी भांडीन. पर माझ्या गावाची ज्वारी काळी, हे मी कुणाला म्हनू दिलं न्हाई."

बापूसाहेबांचा ठेका गेला आणि कोर्टाच्या फेऱ्या सुरू झाल्या. अब्राहामनं लेखी जबाब दिला, म्हणून त्याच्यावरचा आरोप सौम्य झाला, पण नोकरी गेली. दयाबाईंनी त्याच्याकरता मामलेदारांना एक पत्र लिहिलं. मुलाला वाचवा, असं त्यात नव्हतं. त्यानं सगळं खरं सांगितलं आहे हे ध्यानात घ्यावं, एवढंच होतं.

त्याच आठवड्यात न्हावऱ्याचे पाच-सहा शेतकरी शाळेत आले. त्यांच्या काळ्या ज्वारीला आता गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. दयाबाईंनी त्यांना दोन इंच पावसाचा दाखला सही-शिक्क्यासह लिहून दिला. "शेतसारा माफीचा अर्ज याच्याबरोबर लावा," त्या म्हणाल्या. "आणि उद्या नको, आजच लावा."

रविवारी त्या मिशनच्या देवळात, चर्चमध्ये, गेल्या. अब्राहामची आई रूथ गेली वीस वर्षं त्यांच्याच बाकावर शेजारी बसे. आज येईल की नाही, याची दयाबाईंना खात्री नव्हती. घंटा वाजायच्या आधी रूथ आली. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून ती बसली.

गीत संपेपर्यंत ती समोरच पाहत होती. मग तशीच समोर बघत म्हणाली, "त्यानं कबूल केलं ते बरं केलं. तुमी केलं तेबी बरोबरच केलं, मला कळतंय. पर बाई, मी थोडे दिवस तुमच्याशी बोलनार न्हाई."

"बरं," दयाबाई म्हणाल्या.

पाळकांनी बायबलमधला शास्त्रपाठ काढायला सांगितला. रूथनं चष्मा आणला नव्हता. दयाबाईंनी आपलं पुस्तक उघडलं आणि दोघींना दिसेल असं मधल्या मोकळ्या जागेवर ठेवलं. रूथ थोडा वेळ तशीच बसली. मग ती पुस्तकाकडे वाकली.